मारेगावच्या संघाला घरचे मैदान हवे

पुरुषांच्या कबड्डीत मैदानाचा अर्धा भाग साडेसहा मीटर लांब असतो आणि मध्यरेषेपासून बोनस रेषा पावणेपाच मीटरवर. म्हणजे बोनस घ्यायला आत घुसलेला चढाईपटू मागच्या अंत्यरेषेपासून जेमतेम पावणेदोन मीटरवर उभा असतो. समोर सात जण, हाताशी तीस सेकंद आणि तोंडात अखंड ‘कबड्डी कबड्डी’. यवतमाळ जिल्ह्यातल्या मारेगाव, वणी, पांढरकवडा, झरी-जामणी या पट्ट्यात थंडीच्या दिवसांत गावोगावी खुले सामने रंगतात. तिथे त्या अंत्यरेषेपलीकडे लगेच दोर असतो आणि दोराला छाती लावून माणसे बसलेली असतात. बाहेरगावचा रेडर बोनसला पाय टाकतो तेव्हा ‘धर रे, धर!’ हा आवाज त्याला थेट मानेमागून ऐकू येतो. त्याचा पाय तिथे अर्धा क्षण अडखळतो आणि कॉर्नरच्या बचावपटूला तेवढा अर्धा क्षण पुरतो.

यजमान गावाला याचा फायदा का होतो, हे त्या मैदानाभोवती तासभर थांबले की कळते. दिवसभर कापसाची वेचणी करून आलेली माणसे जेवण आटोपून शाल गुंडाळून येतात. मैदानावर पाणी मारून रोलर फिरवलेला असतो, फक्कीने रेषा ताज्या आखलेल्या असतात, बल्ल्यांना हॅलोजन बांधलेले असतात. पोरे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढून बसतात. लाउडस्पीकरवर समालोचक एकेका खेळाडूला नावाने हाक मारतो आणि मध्येच गावातला कुणी पुढच्या चढाईवर शंभर रुपयांचे बक्षीस लावतो. काळ्या मातीच्या मैदानात कोणता कोपरा जरा भुसभुशीत आहे आणि कुठे पाय घसरतो, हे घरच्या कव्हरला माहीत असते. पाहुण्याला ते पहिल्या पडण्यानंतर कळते.

हा दरारा कुणी पैसे ओतून उभा केलेला नाही. तो आपोआप तयार झालेला आहे. दुःखाची गोष्ट ही, की याच पट्ट्यातला मुलगा किंवा मुलगी महाविद्यालयाच्या संघातून खेळायला लागली की हा दरारा पाठीशी घेऊन खेळण्याची संधी तिथे कधीच मिळत नाही. आपल्या महाविद्यालयीन खेळात ‘घरचे मैदान’ नावाची गोष्टच शिल्लक ठेवलेली नाही. ती परत आणली पाहिजे, हा या लेखाचा आग्रह आहे.

महाविद्यालयीन खेळात घरचे मैदान किती मोठी ताकद ठरू शकते, हे पाहायचे तर अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलकडे पाहावे. नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या ड्यूक विद्यापीठाचे कॅमरून इनडोअर स्टेडियम 1940 मध्ये उघडले. त्याची क्षमता 9,314. आपल्याकडच्या कोणत्याही मोठ्या क्रिकेट मैदानाचा एक कोपरा भरेल एवढीच. तरीही बाहेरून येणाऱ्या संघांना देशातल्या सर्वाधिक धडकी भरवणाऱ्या जागांपैकी ती एक वाटते. कारण साधे आहे. विद्यार्थ्यांच्या रांगा कोर्टाच्या अगदी कडेला आहेत. बाजूच्या रेषेवरून चेंडू आत टाकायला उभ्या राहिलेल्या पाहुण्या खेळाडूच्या पाठीशी हात पोचेल इतक्या जवळ, निळा रंग फासलेले शेकडो चेहरे असतात. शेजारच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाविरुद्धच्या सामन्याला पुढची जागा मिळावी म्हणून विद्यार्थी स्टेडियमबाहेर तंबू ठोकून आठवडेच्या आठवडे राहतात. 1986 पासून चालत आलेल्या या तंबूवस्तीला तेव्हाचे प्रशिक्षक माइक शशेवस्की यांच्या नावावरून नाव पडले आहे. थंडीत महिनाभर रांग धरलेला प्रेक्षक सामन्याच्या चाळीस मिनिटांत गप्प बसत नाही.

याच्या उलट उदाहरण मराठी वाचकाला अजून टोचते. 19 नोव्हेंबर 2023, अहमदाबाद. लाखाहून अधिक क्षमतेचे स्टेडियम, नव्वद हजारांवर प्रेक्षक, जवळजवळ सगळे निळ्या जर्सीत. आदल्या दिवशी ऑस्ट्रेलियाचा कर्णधार पॅट कमिन्स म्हणाला होता, की एवढ्या मोठ्या गर्दीला गप्प करण्यासारखे समाधान खेळात दुसरे नाही. त्याच्याच चेंडूवर विराट कोहली 54 धावांवर त्रिफळाचीत झाला आणि ते अख्खे स्टेडियम गप्प झाले. भारत 240 वर आटोपला, ट्रॅव्हिस हेडने 137 धावा काढल्या आणि ऑस्ट्रेलियाने सहा गड्यांनी विश्वचषक नेला. त्या पराभवाला खेळातली कारणे होतीच. पण गर्दीबद्दलही एक गोष्ट त्या दिवशी दिसली. संख्या प्रचंड असली तरी ती एकमेकांना न ओळखणाऱ्या, सोहळ्याला आलेल्या माणसांची होती. जिंकताना ओरडणे त्यांना येत होते. संघ अडचणीत असताना त्याला आवाजाने उचलून धरायची सवय त्यांना नव्हती.

मग धाक कशाने बसतो? पहिली गोष्ट जवळीक, ती वर आलीच. दुसरी, जागेची घडण. कॅन्सास विद्यापीठाचे ॲलन फील्डहाउस 1955 साली बांधले गेले. बास्केटबॉलचा जनक जेम्स नेस्मिथ याच विद्यापीठाचा पहिला प्रशिक्षक होता, त्यामुळे तिथल्या कोर्टाला त्याचे नाव आहे. सोळा हजारांवर माणसे एका छपराखाली बसतात आणि आवाज बाहेर निसटत नाही. फेब्रुवारी 2017 मध्ये तिथे 130.4 डेसिबल इतक्या गोंगाटाची नोंद झाली. साधे बोलणे साठ डेसिबलच्या आसपास असते आणि दर दहा डेसिबलला आवाजाची ऊर्जा दहापट होते, हे ध्यानात घेतले म्हणजे पाहुण्या प्रशिक्षकाची हाक स्वतःच्याच खेळाडूपर्यंत का पोचत नाही ते समजते. या मैदानावर 2007 ते 2011 या काळात कॅन्सासने सलग 69 सामने जिंकले. न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कचे ‘द पिट’ तर चक्क जमिनीत खोदलेले आहे. कोर्ट रस्त्याच्या पातळीपासून 37 फूट खाली, त्यात समुद्रसपाटीपासून पाच हजार फुटांवरची विरळ हवा. पाहुणा संघ वरून खाली उतरतो तेव्हाच त्याला आपण घेरलो गेल्याची जाणीव होते.

खड्ड्यातले मैदान आपल्याला अनोळखी नाही. कोल्हापूरचे खासबाग मैदान राजर्षी शाहू महाराजांनी रोममधले कलोसियम पाहून आल्यावर बांधून घेतले आणि 1912 मध्ये ते उभे राहिले. मधोमध हौदा, चहूबाजूंनी चढत गेलेली बैठक, म्हणजे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही मल्लाचा पट निसटलेला दिसतो. तिथे पंजाबातून, दिल्लीतून नामांकित मल्ल आले, लढले. अमेरिकेत कॉलेजांची ही मोठमोठी स्टेडियम उभी राहण्याच्या कितीतरी आधी कोल्हापूरला ठाऊक होते, की प्रेक्षकाला नीट दिसले तर तो खेळात उतरतो आणि प्रेक्षक उतरला की मैदान जिवंत होते.

तिसरी गोष्ट म्हणजे जाण. मुंबईच्या नागपाड्यात दाटीवाटीच्या वस्तीतल्या बास्केटबॉल कोर्टांनी भारतीय संघाला खेळाडू दिले. भारताचे कर्णधार राहिलेले आणि 1970 चा अर्जुन पुरस्कार मिळवलेले अब्बास मुंतसिर तिथलेच. अशा वस्तीत कोर्टाच्या कडेला उभा असलेला माणूस स्वतः कधीतरी खेळलेला असतो. पाहुण्याचा डावा हात कच्चा आहे हे त्याला दोन मिनिटांत कळते आणि पुढची दोन मिनिटे तो ते घरच्या संघाला ओरडून सांगतो. मारेगावच्या कबड्डीतही हेच घडते. पाहुण्या संघाच्या सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी ‘डू ऑर डाय’ आहे, हे सांगायला समालोचक लागत नाही. दोराभोवतीची सगळी माणसे सरसावतात. रेडर मध्यरेषा ओलांडायच्या आधीच टाळ्यांचा ठेका धरला जातो आणि शेवटच्या दहा सेकंदांत तो वाढत जातो. कबड्डीत बचाव हा साखळीचा खेळ आहे. कॉर्नर आणि कव्हर एकमेकांशी बोलत, हात धरत पुढे-मागे सरकतात. पाहुण्या बचावपटूंना त्या गोंगाटात एकमेकांचे ऐकू आले नाही की साखळी तुटते. घरच्या पोरांना ऐकू आले नाही तरी चालते, कारण ती लहानपणापासून याच आवाजात खेळलेली असतात.

या गोष्टींचा अभ्यासही झाला आहे. बॅरी श्वार्ट्झ आणि स्टीफन बार्स्की या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी 1977 मध्ये बेसबॉल, अमेरिकन फुटबॉल, आइस हॉकी आणि कॉलेज बास्केटबॉल यांतला घरच्या संघाचा लाभ तपासला. बंदिस्त जागेत, प्रेक्षकांच्या कुशीत खेळल्या जाणाऱ्या हॉकी आणि बास्केटबॉलमध्ये तो मोकळ्या मैदानावरच्या खेळांपेक्षा ठळक निघाला. प्रेक्षकांचा पाठिंबा हे त्याचे मुख्य कारण असल्याचे त्यांनी मांडले.

पण इथेच एक अवघड प्रश्न उभा राहतो. प्रेक्षकांचा आवाज खेळाडूच्या कानात जातो तसा पंचाच्याही कानात जातो. इंग्लंडमध्ये 2002 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात चाळीस पंचांना लिव्हरपूलच्या एका सामन्यातल्या 47 झटापटी चित्रफितीवर दाखवल्या. काहींना प्रेक्षकांच्या आवाजासह, बाकीच्यांना आवाज बंद करून. आवाज ऐकणाऱ्या पंचांनी घरच्या संघाविरुद्ध सुमारे पंधरा टक्के कमी फाउल दिले. करोनाकाळात युरोपातले फुटबॉल रिकाम्या स्टेडियममध्ये झाले तेव्हा घरच्या संघाचा लाभ घटला, असे अनेक अभ्यासांत आढळले. म्हणजे घरच्या मैदानाच्या धाकातला काही भाग पंचाच्या नकळत झुकलेल्या हातातून येतो. तो भाग नको आहे. कबड्डीत तर रेडरचा दम तुटला की नाही, बोनसला मागचा पाय हवेत होता की नाही, हे पंचाच्या कानावर आणि डोळ्यावर ठरते. तिथे यजमान गावचाच पंच शिट्टी घेऊन उभा असेल तर पाहुणा संघ हरण्याआधीच मनातून खचतो आणि पुढच्या वर्षी त्या गावात येत नाही. गावोगावच्या सामन्यांत भांडणे होतात ती बहुतेक याच एका मुद्द्यावर.

दुसरा नको असलेला भाग म्हणजे शिवीगाळ. प्रेक्षक जोरदार असला की तोंडही सुटणारच, असे मानणारे पुष्कळ आहेत. ड्यूकचाच एक प्रसंग त्यांना उत्तर देतो. जानेवारी 1984 मध्ये तिथल्या विद्यार्थ्यांनी एका पाहुण्या खेळाडूला उद्देशून अत्यंत हीन प्रकार केले. विद्यापीठाचे अध्यक्ष टेरी सॅनफर्ड यांनी बंदी घातली नाही, पोलिस बोलावले नाहीत. त्यांनी विद्यार्थ्यांना पत्र लिहिले, काकाच्या नात्याने, खाली ‘अंकल टेरी’ अशी सही करून. तुम्ही हुशार आहात, मग हुशारीने बोला, असा त्याचा आशय होता. पुढच्या घरच्या सामन्याला विद्यार्थी डोक्यावर देवदूतांसारखी वलये लावून आले. पंचाचा निर्णय पटला नाही की शिवी देण्याऐवजी सगळे एका सुरात ‘आमचे मत वेगळे आहे’ अशा अर्थाची घोषणा देऊ लागले. त्या मैदानाचा धाक त्यानंतर कमी झाला नाही, वाढला. ॲरिझोना स्टेट विद्यापीठात विद्यार्थी बास्केटमागे काळा पडदा लावतात. पाहुणा खेळाडू फ्री थ्रो घ्यायला उभा राहिला की पडदा उघडून काहीतरी भलतेच समोर येते. 2016 मध्ये एकदा त्यातून पोहण्याच्या चड्डीत, गळ्यात पदके घालून खुद्द ऑलिंपिकवीर मायकेल फेल्प्स बाहेर आला आणि पाहुण्याचे दोन्ही फ्री थ्रो चुकले. कुणाची जात, रंग, गाव, आईबहीण काढावी लागली नाही.

आता मारेगावकडे वळू. यवतमाळसह अमरावती, अकोला, बुलढाणा आणि वाशीम या पाच जिल्ह्यांतली महाविद्यालये संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या छत्राखाली येतात. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा साधारणपणे कुठल्या तरी एका यजमान महाविद्यालयात दोन-तीन दिवसांत उरकल्या जातात. बहुधा बाद पद्धतीने. सकाळी बसने पोचायचे, दुपारच्या उन्हात खेळायचे, हरले की संध्याकाळची बस धरायची. मारेगावातून पहाटे निघालेल्या संघाचा अख्खा हंगाम एकाच सामन्यात संपू शकतो. पाहायला कोण असते? पुढच्या सामन्याची वाट पाहणारे दोन संघ, त्यांचे क्रीडा संचालक आणि गुणलेखक. त्या मुलांचे वर्गमित्र तो सामना कधीच पाहत नाहीत. आई-वडिलांचा तर प्रश्नच नाही. आपल्या महाविद्यालयाचा कबड्डी संघ आहे हे अनेक विद्यार्थ्यांना स्नेहसंमेलनात पारितोषिके वाटताना कळते.

ज्या विदर्भात हे चालले आहे तो कबड्डीत कालपरवा आलेला नाही. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 चे. याच मंडळाच्या पथकाने 1936 मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीसह देशी खेळांची प्रात्यक्षिके जगाला दाखवली. बुवा साळवींसारख्या माणसाने आयुष्य घालवून हा खेळ नियमांत बसवला, देशभर नेला. त्यांचा जन्मदिवस, 15 जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो. खेळ गावात आहे, खेळाडू गावात आहेत, प्रेक्षक गावात आहे. महाविद्यालय मात्र या तिघांची भेट होऊ देत नाही.

म्हणून मागणी सरळ आहे. मारेगाव, वणी, पांढरकवडा, झरी-जामणी, राळेगाव या लगतच्या तालुक्यांतल्या महाविद्यालयांनी हिवाळ्यात आपसात कबड्डीची साखळी स्पर्धा खेळवावी आणि प्रत्येक जोडीचा एक सामना यांच्या मैदानावर, एक त्यांच्या मैदानावर व्हावा. अंतरे एका दुपारच्या प्रवासाची आहेत, मुक्कामाचा खर्च नाही. सामना संध्याकाळी, वर्ग सुटल्यावर आणि शेतातली माणसे परतल्यावर. विद्यापीठाची निवड स्पर्धा आहे तशी चालू राहू द्यावी, पण त्या निवडीला येणारा मुलगा आधी आठ-दहा सामने खेळून, त्यातले अर्धे परक्या गर्दीत खेळून आलेला असेल. पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत परक्या राज्यातल्या प्रेक्षकांसमोर उभे राहताना त्याचा पाय बोनसवर अडखळणार नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो भांडणांचा. तो खरा आहे आणि म्हणूनच काही गोष्टी आधीच ठरवाव्या लागतील. पंच दोन्ही महाविद्यालयांच्या तालुक्याबाहेरचेच असावेत, त्यांचे मानधन साखळीच्या सामाईक निधीतून द्यावे. दोर रेषेपासून दोन मीटर मागे असावा, म्हणजे आवाज पोचेल पण हात पोचणार नाही. शिवीगाळ झाली तर यजमान संघाचा पुढचा घरचा सामना काढून घ्यावा. एवढी एक शिक्षा लागू झाली तरी पुढच्या वेळी प्रेक्षकच एकमेकांना आवरतील.

दुसरा आक्षेप असा, की घरच्या गर्दीचे दडपण घरच्याच संघावरही येते. तेही खोटे नाही. प्रो कबड्डीने सुरुवातीपासून प्रत्येक संघाला आपल्या शहरात सामने दिले, पण ते एका आठवड्यात सलग लावले. त्यामुळे घरच्या टप्प्यात दमून हरणारे संघ आपण पुष्कळ पाहिले. पुढे 2021-22 चा हंगाम करोनामुळे बंगळुरूत, प्रेक्षकांविना झाला. त्यानंतर काही हंगाम मोजक्या शहरांत उरकले गेले आणि अनेक संघांना स्वतःच्या शहरात एकही सामना मिळाला नाही. व्यावसायिक लीगचे गणित वेगळे असेल. महाविद्यालयांच्या साखळीत मात्र दोन घरच्या सामन्यांमध्ये दोन-तीन आठवडे सहज सोडता येतात. त्या दिवसांत प्रेक्षकालाही पुढच्या सामन्याची ओढ लागते, मागच्या पराभवाची चर्चा बसस्टँडवर होते आणि कोण चांगला कॉर्नर आहे हे गावाला नावानिशी माहीत होते.

तिसरी गोष्ट आक्षेप म्हणून कुणी मांडत नाही, पण ती सर्वात महत्त्वाची आहे. मुली. महिलांच्या कबड्डीचे मैदान बारा बाय आठ मीटरचे, पुरुषांपेक्षा लहान, म्हणजे प्रेक्षक आणखी जवळ. खुल्या गावमैदानावर टवाळ पोरांच्या टोमण्यांपायी किती मुलींचा खेळ सुटला, याची नोंद कुठेच नाही. त्यांच्यासाठी घरचे मैदान म्हणजे महाविद्यालयाचे आवार, पुढच्या रांगांत वर्गमैत्रिणी, शिक्षिका, आया आणि आज्या. मुलींचा सामना मुलांच्या सामन्याआधी ‘भरतीचा’ म्हणून न ठेवता नंतर, मुख्य सामना म्हणून ठेवावा. सगळी गर्दी तेव्हा आलेली असते. मारेगावच्या मुलीने पाहुण्या संघाच्या रेडरची अँकल होल्डने पकड केली आणि तिचे नाव घेऊन चारशे जण ओरडले, तर त्या ओरडण्यात तिच्या घरचेही असावेत.

यासाठी नऊ हजारांचे स्टेडियम लागत नाही. लागतात ते चार हॅलोजन, एक मॅट किंवा नीट रोलर फिरवलेली माती, मैदानाच्या तीन बाजूंना पाच-सहा पायऱ्यांची सिमेंटची बैठक आणि वेळापत्रक वर्षाच्या सुरुवातीला छापून भिंतीवर लावण्याची शिस्त. बैठक बांधायला आमदार निधी आहे, जिल्हा नियोजन समिती आहे, माजी विद्यार्थी आहेत. विद्यापीठाच्या क्रीडा विभागाने साखळीला मान्यता देऊन तिथल्या कामगिरीचे गुण निवडीत धरले, तर महाविद्यालये मागे राहणार नाहीत. यंदाचा कापूस घरात येईल तेव्हा पहिला सामना मारेगावात व्हावा आणि वणीचा संघ त्या मैदानात उतरताना एकदा तरी चहूकडे पाहून घेईल, एवढी माणसे तिथे असावीत.